वावडे : एका शब्दाचा आणि एका ताटाचा शोध

मराठीत ‘वावडे’ हा शब्द फार ऐसपैस आहे. एखाद्याला वांग्याचे वावडे असते, कारण त्याला वांगे आवडत नाही. दुसऱ्याला वांग्याचे वावडे असते, कारण चातुर्मासात त्याच्या घरी वांगे शिजत नाही. तिसऱ्याला ते पचत नाही, पोट धरते, म्हणून वावडे. चौथ्याच्या बाबतीत मात्र घास पोटात गेला की ओठ सुजतात, अंगावर चकंदळे उठतात, श्वास अडकतो. त्यालाही आपण वावडेच म्हणतो. शिवाय पुढाऱ्यांना सत्याचे आणि लेखकांना टीकेचे वावडे असते, ते वेगळेच. नावड, नेम, अपचन आणि ॲलर्जी या चार गोष्टींना मराठीने एकाच शब्दात बसवले. यांपैकी पहिल्या तिन्हींत फार तर मन किंवा पोट दुखते. चौथ्या वावड्यात माणूस दगावू शकतो.

दिवाळीच्या सुट्टीत हा भाषिक घोटाळा प्रत्यक्ष ताटात उतरतो. पुण्या-मुंबईला गेलेली कुटुंबे या दिवसांत धाराशिव जिल्ह्यातल्या आपल्या गावी परततात. तुळजापूरचे दर्शन, नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहाल, तेर, परंडा अशी फिरती होते. एखादा दिवस शेतावर जातो. काही कुटुंबे उलट्या दिशेने निघतात. १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले आणि २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका, तेव्हापासून मुलांच्या सुट्टीच्या कल्पनेत पाळण्यांच्या बागेतला मुक्कामही येऊन बसला आहे. दिशा कोणतीही असो, सोबतच्या मुलाला शेंगदाण्याची, दुधाची किंवा तिळाची ॲलर्जी असेल, तर आईवडिलांसाठी सुट्टीतले प्रत्येक जेवण हा एक प्रश्न असतो : यात काय घातले आहे? त्याचे खरे उत्तर कुणापाशी असते, ते कसे मिळवायचे आणि आपल्या जेवणाच्या रीतीत ते मिळवणे इतके अवघड का होते, याचा हा शोध आहे.

शरीराचा गैरसमज

‘ॲलर्जी’ हा शब्द जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे. १९०१ मध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ मोनॅकोच्या राजपुत्राच्या जहाजावर समुद्री जीवांच्या विषाचा अभ्यास करत होते. पुढे पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रपुष्पाचे विष कुत्र्यांना थोडे थोडे टोचून पाहिले. सवयीने कुत्र्यांची सहनशक्ती वाढेल अशी अपेक्षा होती. घडले उलटेच. काही आठवड्यांनी दिलेल्या दुसऱ्या, अगदी अल्प मात्रेने कुत्रा काही मिनिटांत कोसळला. १९०२ मध्ये त्यांनी या प्रकाराला ‘ॲनाफिलॅक्सिस’ असे नाव दिले. या कामासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल मिळाले. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये ‘ॲलर्जी’ हा शब्द घडवला.

अन्नाशी याचा संबंध एका विलक्षण प्रयोगाने दिसला. जर्मन डॉक्टर हाइन्झ क्युस्टनर यांना शिजवलेल्या माशाची ॲलर्जी होती. त्यांचे सहकारी कार्ल प्राउसनिट्झ यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातला द्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. ती जागा लाल होऊन सुजली. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने एवढे सिद्ध केले की ॲलर्जी मनाचा खेळ नसून रक्तात वाहणारी, एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेता येणारी वस्तू तिच्या मुळाशी आहे. ती वस्तू म्हणजे ‘आयजीई’ हे प्रतिपिंड, हे ओळखायला १९६६-६७ साल उजाडले.

शरीराचा हा गैरसमज थोडक्यात असा : शेंगदाण्यातले किंवा दुधातले एखादे निरुपद्रवी प्रथिन शरीर शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध आयजीई तयार करते. ही प्रतिपिंडे त्वचा, श्वासनलिका आणि आतडी यांतल्या विशिष्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तेच प्रथिन आले की त्या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टमिन आणि इतर रसायने ओततात. मग काही मिनिटांत, फार तर एक-दोन तासांत, अंग सुजते, श्वासनलिका आवळते, रक्तदाब घसरतो. मात्रा किती हा प्रश्न इथे फारसा उपयोगी पडत नाही. काहींना चमच्याला चिकटलेला कूटही पुरतो.

दूध प्याले की पोट फुगणे ही बहुधा दुधातली साखर न पचण्याची तक्रार असते. त्रासदायक, पण जिवावर बेतणारी नव्हे. गहू न चालणारा सिलिअॅक हा आजार आणखी वेगळा, त्याचे नुकसान आतड्यात हळूहळू होते. ॲलर्जी या दोहोंहून निराळी.

भारतात ती किती आढळते? युरोपच्या पुढाकाराने झालेल्या ‘युरोप्रिव्हॉल’ पाहणीत बंगळुरू-म्हैसूर भागातल्या प्रौढांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडण्याचे प्रमाण २६.५ टक्के होते. प्रत्यक्ष ॲलर्जी संभवते असे लोक मात्र १.२ टक्के. मुलांमध्ये ते प्रमाण ०.१४ टक्के इतके कमी भरले. या आकड्यांतून दोन धडे निघतात. रक्ततपासणीच्या लांबलचक यादीत दहा पदार्थांसमोर खूण दिसली म्हणून ते दहाही मुलाच्या ताटातून काढणे चुकीचे. खाल्ल्यावर काय झाले याचा इतिहास तपासणीइतकाच महत्त्वाचा. दुसरा धडा असा की खरी ॲलर्जी आपल्याकडे विरळ आहे, म्हणून ती कुणी पाहिलेली नसते, आणि न पाहिलेल्या गोष्टीवर विश्वास बसत नाही.

धाराशिवचे ताट

आता ताटाकडे येऊ. मराठवाड्याच्या या भागात शेंगदाणा हा पदार्थ कमी आणि सवय जास्त आहे. भाजीला अंगाबरोबर रस यावा म्हणून कूट, कोशिंबिरीत कूट, भाकरीशेजारी शेंगदाण्याची चटणी, पाहुणा आला की पोह्यांत तळलेले दाणे. विचारले तर गृहिणी सांगेल, ‘भाजीत काही नाही, नुसती मेथी आहे.’ ती खोटे बोलत नसते. मिठाला जसे कुणी घटक म्हणून मोजत नाही, तसा कूटही मोजला जात नाही.

उपवासाच्या दिवशी तर परिस्थिती उलटी होते. नवरात्रात तुळजापूरची वाट माणसांनी फुलते. कोजागरीच्या आसपास सोलापूरकडून पायी निघालेल्या भाविकांना वाटेवर ठिकठिकाणी चहा-फराळ दिला जातो. तो फराळ म्हणजे बहुधा साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, शेंगदाण्याचे लाडू. उपवासाचे अन्न म्हणजे हलके, निर्धोक, आजाऱ्यालाही चालणारे, अशी आपली समजूत. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला मात्र वर्षभरातले सर्वांत धोक्याचे जेवण हेच. गंमत अशी की साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, मिरची आणि शेंगदाणा हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. बाहेरून आलेल्या या चौघांना आपल्या नेमाने आत घेतले आणि पवित्र केले.

कोजागरीच्या रात्रीच्या दुधात बदाम, पिस्ते, काजू, चारोळी. दिवाळीच्या चिवड्यात दाणे, चकलीत तीळ. मार्गशीर्ष अमावास्येला धाराशिव-लातूर भागात येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, साजरी होते. घरची सगळी माणसे शेतात जातात, पांडवांची पूजा करतात आणि भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे असे जेवण जेवतात. भज्जीत हंगामातल्या भाज्या आणि ओल्या शेंगा-दाण्यांचे इतके प्रकार एकत्र शिजतात की करणाऱ्या बाईलाही यादी सांगताना एखादे नाव सुटते. आंबिलीत ताक. पौषात हुरडा, त्याच्यासोबत चटणी आणि गूळ. संक्रांतीला तीळगूळ. ज्वारीची भाकरी गव्हाची ॲलर्जी असलेल्याला खरे तर वरदान. पण गावातल्या गिरणीत आधी गव्हाचे दळण झाले असेल, तर त्याच जात्यातून गव्हाचे पीठ ज्वारीत उतरते.

यांहून अवघड प्रश्न मसाल्याचा. काळा मसाला उन्हाळ्यात वर्षभराचा करून ठेवतात. त्यात तीळ, खसखस, खोबरे भाजून घातलेले असते. येसर करताना प्रत्येक घर आपापली धान्ये आणि डाळी भाजून दळते. दिवाळीत आमटी करणाऱ्या सुनेने तो मसाला केलेला नसतो. तो चैत्रात सासूबाईंनी किंवा चुलत्यांच्या घरी केलेला असतो. म्हणजे ताटातल्या घटकांची माहिती एका डोक्यात नसते, ती दोन-तीन घरांत आणि दोन-तीन पिढ्यांत विखुरलेली असते. शहरातला माणूस पाकिटाची मागची बाजू वाचतो. इथे पाकीटच नाही. वाचायचे झाले तर माणसे वाचावी लागतात.

आणखी दोन बारीक गोष्टी. भाजल्याने शेंगदाण्याची ॲलर्जी करण्याची ताकद कमी होत नाही, उलट वाढते असे प्रयोगशाळेत दिसले आहे. म्हणून ‘चांगले खरपूस भाजलेत’ हा दिलासा ठरत नाही. आणि तेलातेलांत फरक आहे. कारखान्यात शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिनाचा अंश जवळपास उरत नाही. लाकडी घाण्यावरच्या तेलात तो उरतो. आरोग्यासाठी म्हणून आवर्जून आणलेले घाण्याचे तेल या एका मुलासाठी अपायकारक ठरू शकते.

खवा आणि शेळी

धाराशिव जिल्ह्याच्या दोन गोष्टी जिल्ह्याबाहेर नावाने ओळखल्या जातात आणि दोन्ही दुधाशी जोडलेल्या आहेत. भूम तालुक्यातले कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर यांनी १९५५ मध्ये तिथेच सल्लेखना घेतली. त्याच परिसराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जिल्ह्यातून परतणारा पाहुणा खवा किंवा पेढे घेतल्याशिवाय परतत नाही.

दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी खवा म्हणजे आटवून घट्ट केलेला धोका. दुधातले केसीन हे प्रथिन उष्णतेला दाद देत नाही. तासभर आटवले तरी ते टिकते, आणि पाणी उडाल्यामुळे प्रत्येक घासात ते जास्त भरते. दुधाची ॲलर्जी असलेली काही मुले पिठात मिसळून भट्टीत भाजलेले दूध सोसतात, हे खरे. परंतु तो निर्णय डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायचा असतो. त्यावरून पेढा चालेल असे अनुमान काढता येत नाही.

दुसरी प्रसिद्ध गोष्ट म्हणजे उस्मानाबादी शेळी. काटक, काळी, बहुधा जुळी करडे देणारी ही जात दुष्काळी भागातल्या कुटुंबांचा आधार आहे. गाईचे दूध बाधणाऱ्या लेकराला शेळीचे द्यावे, असा सल्ला या भागात मायेने दिला जातो. पचनाच्या किरकोळ तक्रारीत तो कदाचित खपून जात असेल. ॲलर्जीत मात्र तो घातक आहे. गाईच्या आणि शेळीच्या दुधातली प्रथिने एकमेकांसारखी इतकी आहेत की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या दहा मुलांपैकी नऊंहून अधिक मुलांना शेळीच्या दुधानेही त्रास होतो. म्हशीच्या दुधाचेही तेच. देवीच्या अभिषेकाचे पंचामृत तळहातावर चमचाभरच मिळते, पण दूध, दही, तूप या त्याच्या पाच घटकांपैकी तीन गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवलेले बरे.

दुधाची आणि अंड्याची ॲलर्जी असलेली बरीच मुले मोठेपणी त्यातून सुटतात. शेंगदाण्याच्या बाबतीत अशी सुटका साधारण पाचांतून एकाची होते. मुळात ती होऊच नये यासाठी काय करावे, याबद्दलचे मतही पालटले आहे. लंडनमध्ये ६४० तान्ह्या मुलांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोखीम असलेल्या बाळांना वर्षाच्या आतच शेंगदाण्याचे मऊ पदार्थ नियमित दिल्यावर पुढे ॲलर्जी होण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटले. त्याआधी कित्येक वर्षे पालकांना नेमका उलटा सल्ला दिला जात होता. हे प्रतिबंधाचे शास्त्र आहे. ज्याला ॲलर्जी आधीच जडली आहे, त्याला घरच्या घरी ‘सवय लावण्यासाठी’ दाणे चारणे याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

पित्त, आमसूल आणि ॲड्रिनलिन

अंगावर खाजऱ्या गांधी उठल्या की आपण म्हणतो, पित्त उठले. मग आमसुलाचे पाणी चोळायचे, घोंगडीत गुंडाळून निजवायचे. साध्या पित्तावर हा उपाय पिढ्यान्पिढ्या चालला, कारण बहुतेक वेळा पित्त आपोआपच बसते. पण खाल्ल्यानंतर अर्ध्या तासात पित्त उठले आणि त्याच्या जोडीला आवाज घोगरा झाला, खोकला थांबेना, छाती वाजू लागली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, मूल पांढरे पडून सुस्तावले, यांतले काहीही झाले तर ते पित्त राहिलेले नसते. तो ॲनाफिलॅक्सिस असतो. काही वेळा तर अंगावर काहीच उठत नाही आणि थेट श्वास किंवा रक्तदाबच बिघडतो. आमसुलाने कुणाचे वाईट होत नाही; वाईट होते ते चोळण्यात गेलेल्या वीस मिनिटांनी.

यावर पहिले औषध एकच, ॲड्रिनलिन. जपानी रसायनतज्ज्ञ जोकिची ताकामिने यांनी १९०१ मध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यभागी, स्नायूत टोचतात. मात्रा वजनाप्रमाणे, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलोच्या मुलाला ०.२ मिलिग्रॅम. गरज पडली तर पाच ते पंधरा मिनिटांनी दुसरी मात्रा. ॲलर्जीची गोळी खाज कमी करते, पण आवळलेला श्वास आणि घसरलेला रक्तदाब ती सावरू शकत नाही. गोळी देऊन वाट पाहणे म्हणजे वेळ दवडणे. अशा मुलाला आडवे निजवून पाय उंच करावेत. दम लागत असेल तर टेकून बसवावे. उठवून गाडीपर्यंत चालवत नेऊ नये, कारण उभे राहताच रक्तदाब आणखी कोसळू शकतो. बरे वाटले तरी काही तास दवाखान्यात ठेवावे लागते, कारण त्रास पुन्हा उलटू शकतो.

परदेशात पालकांच्या पिशवीत पेनासारखे तयार इंजेक्शन असते. भारतात ते सहज मिळत नाही. त्यामुळे जाणते डॉक्टर अशा कुटुंबाला ॲड्रिनलिनची कुपी, सिरिंज आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी सोबत देतात आणि टोचायला शिकवतात. औषध स्वस्त आहे, अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. लसीकरणानंतर क्वचित असाच त्रास होतो, म्हणून लसीकरणाच्या ठिकाणी ठेवलेल्या पेटीतही ते असते. म्हणजे जे औषध दुर्मीळ वाटते ते गावाच्या आरोग्यसेविकेच्या ओळखीचे असते. सुट्टीत ज्या गावी मुक्काम आहे तिथले प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे, रात्री तिथे कोण असते, ही चौकशी पोचल्या दिवशीच करावी. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. पण शेतातल्या वस्तीवर ती पोचायला लागणारा वेळ आणि श्वास अडकण्याचा वेळ यांची शर्यत लावू नये. म्हणून औषध माणसाजवळच हवे.

कागद कुठवर पोचतो

कायदा अगदीच गप्प नाही. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमावलीप्रमाणे बंद पाकिटावर ॲलर्जी करणाऱ्या घटकांची नोंद लागते : ग्लुटेन असलेली धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट. या यादीत तीळ नाही. हरभरा नाही. २०१६ साली पंधरा वर्षांची एक ब्रिटिश मुलगी पावात मिसळलेल्या तिळाने दगावली. पावाच्या वेष्टनावर त्याची नोंद नव्हती. तिच्या नावाने ओळखला जाणारा ‘नताशा कायदा’ तिथे ऑक्टोबर २०२१ मध्ये लागू झाला. अमेरिकेने २०२३ च्या आरंभापासून तिळाची नोंद सक्तीची केली. तीळगूळ वाटणाऱ्या, चटणी-मसाल्यात तीळ घालणाऱ्या आपल्या देशाच्या यादीत तो अजून यायचा आहे.

हॉटेलांसाठीही नियम आहे. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यगृहांनी मेन्यूवर ही माहिती द्यायची. मोठ्या साखळ्या त्यात येतात. तुळजापूरच्या रस्त्यावरची खानावळ, नळदुर्गजवळचा धाबा, शेतावर हुरडा देणारे कृषी पर्यटन केंद्र यांतले बहुतेक त्यात येत नाहीत. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले. चुलीवरची भाकरी आणि घरचे जेवण हेच अशा केंद्रांचे आकर्षण. ते घरचे असते म्हणूनच त्याला लेबल नसते.

मग लेबलवाल्या जगात, पाळण्यांच्या बागेतल्या मुक्कामात, सगळे सुखरूप असते का? फ्लोरिडातील डिस्नेच्या बागांमध्ये ॲलर्जी असलेल्या पाहुण्यांसाठी स्वतंत्र मेन्यू असतो आणि आचारी टेबलापाशी येऊन बोलतो, अशी ख्याती आहे. त्याच परिसरातल्या, पण दुसऱ्या कंपनीने चालवलेल्या एका उपाहारगृहात ऑक्टोबर २०२३ मध्ये जेवल्यानंतर न्यू यॉर्कच्या एका डॉक्टर महिलेचा मृत्यू झाला. तिला दूध आणि कठीण कवचाच्या फळांची ॲलर्जी होती. आपण वाढप्याला पुन्हा पुन्हा विचारले आणि त्याने खात्री दिली, असे तिच्या पतीने दाखल केलेल्या दाव्यात म्हटले आहे. पतीने पूर्वी दूरचित्रवाणी सेवेची वर्गणी घेताना मान्य केलेल्या अटींकडे बोट दाखवून कंपनीने हा दावा न्यायालयाबाहेर नेण्याचा प्रयत्न केला. त्यावर जगभर टीका झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने तो पवित्रा सोडला.

या प्रकरणातून एक गोष्ट दिसते. मोठ्या बागेत कागदावर उत्तर तयार असते, पण ते देणारा वाढपी आणि भांडे हाताळणारा आचारी यांच्यात अंतर असते. खेड्यात कागद नसतो, पण स्वयंपाक करणारी बाई चार पावलांवर असते. बागेत जायचे असेल तर आधी लेखी कळवावे. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नसतील तर वैद्यकीय चिठ्ठीवर परवानगी मागावी, आणि पोचल्यावर वाढप्याऐवजी स्वयंपाकघरातल्या प्रमुखाशी बोलावे. खेड्यात मात्र विचारण्याची कला लागते, कारण तिथे प्रश्न माहितीचा नसून मानाचा होतो.

सोवळ्याची शिस्त

पंगतीत ‘नको’ म्हणणे हा आपल्याकडे यजमानाचा अपमान आहे. प्रसादाला नको म्हणणे तर देवाचाच. ‘जरासं खाल्ल्यानं काय हुतंय लेकराला?’ या वाक्यात द्वेष नसतो, उलट माया काठोकाठ भरलेली असते. धोकाही त्या मायेतच असतो. आई दोनदा नको म्हणते, तिसऱ्यांदा शहरी नखरे म्हणून तिच्याकडे पाहिले जाते, आणि ती उठून गेल्यावर आजी प्रेमाने लाडवाचा तुकडा भरवते.

पण हीच पंगत एखाद्याच्या नेमापुढे किती नमते, तेही पाहावे. वारकरी माळकरी जेवायला बसला तर मांसाहार शिजलेले भांडे त्याच्या ताटाजवळ येत नाही. जैन पाहुण्यासाठी कांदा, लसूण, बटाटा न लागलेली कढई वेगळी ठेवली जाते आणि दिवस मावळायच्या आत जेवण उरकले जाते. सोवळ्यातल्या स्वयंपाकाला वेगळे वस्त्र, वेगळे पाणी, वेगळा पळा. उपवासाचा पदार्थ मिठाच्या डब्यातल्या साध्या चमच्यानेही ‘मोडतो’, म्हणून सैंधवाची वाटी निराळी असते. वैद्यकाच्या भाषेत ज्याला परस्पर-संपर्क टाळणे म्हणतात, म्हणजे एका पदार्थाचा कण दुसऱ्यात जाऊ न देणे, ती विद्या आपल्या स्वयंपाकघरांना शेकडो वर्षे येते आहे. ‘जरासं लागलं तर काय होतंय’ असे उपवासाच्या बाबतीत कुणी म्हणत नाही. मोडलेल्या नेमाला प्रायश्चित्त असते. अडकलेल्या श्वासाला नसते. तरी आपली स्वयंपाकघरे नेम पाळतात आणि वावडे विसरतात.

तेव्हा नवे काही शिकवायचे नाही. असलेली शिस्त एका मुलाकडे वळवायची आहे. त्यासाठी विचारण्याची रीत बदलावी. ‘ह्याला शेंगदाणा आवडत नाही’ किंवा ‘बाधतो’ असे म्हणू नये. ‘मावशी, ह्याच्या पोटात दाण्याचा कण गेला तर श्वास बंद पडतो, मागे दवाखान्यात ठेवावं लागलं होतं,’ असे सरळ सांगावे. ‘भाजीत दाणे आहेत का?’ या प्रश्नाला सहज ‘नाही’ येते. ‘भाजी कशी केली, सांगा ना’ असे विचारले की फोडणीपासून कृती सुरू होते आणि कूट आपसूक बाहेर पडतो. मसाला कुणी केला, तेल कुठले, कढई कशासाठी वापरली होती, हे त्याच गप्पांत कळते. जेवण तयार झाल्यावर विचारणे उशिराचे आणि अवमानाचे. आदल्या दिवशी भाजी निवडायला बसून विचारणे आपुलकीचे. मुलासाठी पहिल्यांदा, स्वच्छ भांड्यात, कूट घालण्याआधी एक वाटी काढून ठेवली की निम्मा प्रश्न सुटतो. ते ताट नैवेद्यासारखे आधी वाढावे, म्हणजे त्याला उष्ट्या पळीचा स्पर्श होत नाही.

हात धुण्याचीही गोष्ट आहे. शेंगदाणा लागलेल्या हातांवर झालेल्या एका अभ्यासात साबण-पाण्याने त्याचे प्रथिन निघून गेले; नुसत्या पाण्याने आणि जंतुनाशक जेलने काही हातांवर ते शिल्लक राहिले. पंगतीनंतर आपण तांब्याच्या धारेखाली नुसते हात खळबळतो आणि त्याच हाताने लेकराचा गालगुच्चा घेतो. मोरीजवळ साबणाची वडी ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

प्रसादाबाबतही मार्ग आहे. हातावर घेतलेला प्रसाद कपाळाला लावून घरच्या मोठ्यांना द्यावा, ही रीत आपल्याकडे आहेच. आजारी माणसाच्या वतीने दुसऱ्याने तीर्थ घेतले तर देव रागावतो असे कुणी मानत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे स्वतः करायला आणि ‘मला चालत नाही, श्वास अडकतो’ हे वाक्य न लाजता म्हणायला शिकवता येते. घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला, शक्यतो आजी-आजोबांपैकी कुणाला, आईवडिलांनी इंजेक्शन कुठे आहे आणि कसे द्यायचे ते दाखवून ठेवावे. एकदा आजीच्या हाती ती जबाबदारी दिली की सगळ्या घरात त्या मुलाची सर्वांत कडक राखणदार तीच होते.

राहिला शब्द. ‘वावडे’ आपण टाकून द्यायला नको. सत्याचे आणि टीकेचे वावडे सांगायला तो लागतोच. पण स्वयंपाकघरात त्याच्याबरोबर एक प्रश्न जोडून विचारावा : ‘वावडं म्हणजे नक्की काय होतं?’ उत्तर ‘आवडत नाही’ असेल तर आग्रह करायला हरकत नाही. उत्तर ‘सुजतं’, ‘श्वास लागतो’ असे असेल, तर त्या दिवशीचा कुटाचा डबा फडताळात राहू द्यावा.